जुन्या डिझेल ट्रकमधील कूलंटची बारीक गळती कशी शोधावी

जुना ट्रक विकत घेणाऱ्या नवख्या मालकाला पहिल्या महिन्यात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे "गाडी थोडं पाणी खाते, पण चालते." विकणारा हे सहज बोलून जातो, चालक रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतून त्याला दुजोरा देतो आणि हळूहळू मालकही तो गाडीचा स्वभावच आहे असे धरून चालतो. वास्तविक इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंद असते. तीत भरलेले कूलंट उडून जाण्यासाठी नसते, आणि धडधाकट गाडीत ते महिनोनमहिने जवळपास एकाच खुणेवर राहते. पातळी उतरत असेल तर कूलंट कुठून तरी बाहेर पडत आहे, एवढे निश्चित समजावे. बाहेर पडण्याच्या वाटा तीन: इंजिनच्या अंगावरून जमिनीवर, आतल्या ऑईलमध्ये, किंवा सिलेंडरमधून धुराबरोबर सायलेन्सरच्या वाटेने. ट्रकला चौथीही एक वाट असते, ती ब्रेकच्या हवेची. ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

मोठी गळती शोधावी लागत नाही, ती गाडीखाली थारोळे करून स्वतःच दिसते. अवघड असते ती बारीक गळती. साधा हिशोब करून पाहावा. सुमारे २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. दर १० सेकंदांना एक थेंब पडत असेल तर दिवसभरात ८,६४० थेंब, म्हणजे ४०० मिलिलिटरच्या थोडे वर कूलंट जाते. चालत्या गाडीत दर १० सेकंदांनी पडणारा हा एक थेंब गरम ब्लॉकवर पडून तिथेच वाळतो, वाऱ्याने मागे उडतो किंवा चेसीसच्या पट्टीवरून ओघळत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतो. त्यामुळे अशा गळतीच्या शोधात पाना सर्वांत शेवटी हातात घ्यायचा असतो.

हात घालण्यापूर्वी

गरम इंजिनच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते, तरीही दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा हात आणि चेहरा भाजतो; म्हणून त्यामागचे कारण समजून घ्यावे. झाकणातील स्प्रिंग यंत्रणेत दाब धरून ठेवते. हा दाब प्रत्येक १ पीएसआयमागे उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वर नेतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तिथे उघड्या भांड्यातले साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. घाट चढून आलेल्या गाडीतले पाणी मात्र त्याहून जास्त तापलेले असूनही केवळ दाबामुळे शांत असते. झाकण फिरवले की दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणात उकळून अंगावर येते. इंजिन बंद केल्यावर वरचा होज पाईप हाताने दाबून पाहावा. तो मऊ आणि कोमट लागेपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरही झाकणावर जाड कापड टाकून ते आधी अर्ध्यापर्यंतच फिरवावे.

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. केबिन झुकवली असेल तर तिचा अडसर नीट बसल्याची खात्री केल्याशिवाय खाली डोके घालू नये. गळ्यातला गमछा काढून ठेवावा आणि बाह्या वर कराव्यात. चालू पंख्याशेजारी लोंबते कापड फार घातक ठरते. आणखी एक काळजी खेड्यातल्या अंगणात गाडी लावणाऱ्यांनी विशेष घ्यावी. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर आणि पोटात गेल्यास विषारी असते. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवले तर कुत्रे किंवा शेळी त्याला तोंड लावते, म्हणून ते लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरावे आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे.

आधी वही

पहिले काम मोजण्याचे आहे. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि गाडी रोज त्याच सपाट जागेवर उभी असताना पातळी पाहावी. पाण्याच्या डब्यावर त्या पातळीला मार्करने रेघ ओढावी किंवा चिकटपट्टी लावावी. वहीत तारीख, किलोमीटर, माल होता की गाडी रिकामी होती, आणि रेघेपर्यंत भरण्यासाठी किती मिलिलिटर घालावे लागले, एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले टोपण किंवा जुनी मापाची बाटली यासाठी पुरते. "अंदाजे अर्धी बाटली" असे लिहू नये, कारण पुढचे सगळे निदान याच आकड्यांवर उभे राहणार असते.

आठवडाभराच्या नोंदींतून बरेच काही कळते. गाडी नुसती उभी असताना पातळी उतरत असेल तर गळती बहुधा बाहेरची आणि थंडपणी होणारी आहे. रिकाम्या फेऱ्यांत पातळी जागेवर राहून, माल भरून मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर ती उतरत असेल, तर दाब आणि उष्णता वाढल्यावरच उघडणारी एखादी फट, झाकणाचा दोष किंवा हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) यांच्याकडे संशय वळतो. किलोमीटरच्या प्रमाणात ती सारखी उतरत असेल तर वॉटर पंप पाहावा. यंत्रणा नुकतीच रिकामी करून भरली असेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत आत अडकलेली हवा निघून पातळी आपोआप उतरते. तिला गळती समजून घाबरू नये.

या आठवड्यात पातळी भरायची ती बोअरच्या पाण्याने भरू नये. मराठवाड्यातील बहुतेक बोअरचे पाणी जड आहे, चहाच्या पातेल्यात बसणारा पांढरा थर आपण रोज पाहतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलेंडरच्या भोवती बसतो. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी कोणत्याही दुकानात मिळते. ते आणि गाडीत आहे त्याच प्रकारचे कूलंट अर्धे-अर्धे मिसळून एक कॅन तयार ठेवावा. रंग पाहून कूलंट ओळखण्याची सवय मात्र सोडावी, कारण हिरवा, गुलाबी किंवा निळा रंग प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने घालतो आणि एकाच रंगाची दोन कूलंटे वेगवेगळ्या जातीची असू शकतात.

पुठ्ठा आणि धूळ

रात्री गाडी उभी केल्यावर इंजिनखाली मोठा, कोरा पुठ्ठा पसरावा, त्यावर दगड ठेवावेत आणि पुढची बाजू कोणती हे बाणाने लिहून ठेवावे. सकाळी डाग पडला असेल तर तो आधी बोटावर घेऊन पाहावा. मात्र जिभेला लावू नये, जुने मिस्त्री तसे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. कूलंट बोटांत बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास असतो. केबिनमध्ये एसी असेल तर त्याचे पाणी स्वच्छ, बिनवासाचे असते. डिझेल आणि स्टेअरिंगचे ऑईल पुठ्ठ्यावर तेलकट वर्तुळ सोडतात. बीएस-६ गाड्यांत एक नवीन फसवणूक असते: ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण, जिथे पाझरते तिथे वाळल्यावर पांढरे स्फटिक जमतात आणि पाहणाऱ्याला ती कूलंटची खपली वाटते. कूलंटची खपली बहुधा त्याच्या रंगाची छटा घेऊन, पापुद्र्यासारखी चिकटून बसते, तर ॲडब्लूचे स्फटिक मिठासारखे भुसभुशीत असतात आणि पाण्याने लगेच विरघळतात.

पुठ्ठ्यावरचा डाग सांगतो की थेंब कुठे पडला. तो कुठून निघाला हे सांगत नाही. शेतात ठिबकची नळी फुटली की ओल एका जागी दिसते आणि छिद्र चार हात वरच्या अंगाला सापडते, तसाच हा प्रकार आहे. डागाच्या वर पाहत जावे, आणि गाडी चालताना झालेली गळती असेल तर वाऱ्याने ती मागे नेलेली असते, म्हणून पुढच्या बाजूलाही पाहावे.

नवखे लोक इथे एक चूक करतात: गळती शोधायची म्हणून ते आधी गाडी सर्व्हिसिंगला नेऊन इंजिन धुऊन घेतात. धुणे आवश्यकच आहे, पण एकदा नीट पाहून झाल्यानंतर. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ हा या कामातला सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. कोरड्या धुळीने माखलेल्या इंजिनवर जिथे कूलंट पाझरते, तिथे धूळ ओली होऊन काळपट गोळा धरते, आणि त्याच्या खाली वाळलेली ओघळरेषा राहते. चांगला टॉर्च आणि काठीला बांधलेला दाढीचा लहान आरसा घेऊन, वरून खाली आणि पुढून मागे, एकेक भाग पाहत जावे. दिसलेल्या प्रत्येक खुणेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण धुतल्यानंतर त्या खुणा परत मिळणार नाहीत. ऊस किंवा कापूस वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि कापसाचे तंतू गच्च बसलेले असतात. त्यांच्या आड ओल महिनोनमहिने लपून राहते, म्हणून जाळीही दोन्ही बाजूंनी तपासावी.

त्यानंतरच, इंजिन थंड असताना, अल्टरनेटर, स्टार्टर आणि वायरिंगचे जोड झाकून ते धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. अर्धवट ओल्या इंजिनवर गळती शोधणे निष्फळ असते.

झाकण

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. त्यात दोन झडपा असतात. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की मोठी झडप उघडते आणि जादा कूलंट बाहेर सोडते. इंजिन थंड होऊन आत पोकळी निर्माण झाली की लहान झडप उघडते आणि बाजूच्या बाटलीतले कूलंट परत आत घेते. मोठ्या झडपेची स्प्रिंग थकली किंवा रबर तडकले तर इंजिनमध्ये कुठेही गळती नसताना ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी जात राहते. लहान झडप अडकली तर थंड झाल्यावर होज पाईप आत ओढले जाऊन चपटे झालेले दिसतात. झाकणावर छापलेला दाबाचा आकडा वाचून त्याच आकड्याचे नवे झाकण आणावे. "जास्त दाबाचं टाका, पाणी कमी जाईल" हा सल्ला मनावर घेऊ नये. जास्त दाबाने जुन्या रेडिएटरचा जो सांधा कसाबसा तग धरून होता तोच आधी सुटतो.

थंड गाडीवर दाबाची तपासणी

गळती शोधण्याचे खरे साधन म्हणजे हातपंप आणि दाबाचा काटा असलेले तपासणी यंत्र. रेडिएटरचे काम करणाऱ्या बहुतेक दुकानांत ते असते. झाकणाच्या जागी ते बसवतात आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा हाताने भरतात. इंजिन बंद आणि थंड असूनही यंत्रणा चालत्या गाडीसारखी ताणली जाते आणि पंखा, वारा, वाफ यांपैकी कशाचाही अडथळा राहत नाही. मोटार चालू केल्याशिवाय ठिबकची फुटकी नळी कळत नाही, तसेच हे आहे.

ब्रेकच्या टाकीतली किंवा टायरमध्ये भरायची हवा थेट रेडिएटरला लावण्याचा प्रकार मी दोन-तीन ठिकाणी पाहिला आहे. तो कदापि करू नये. झाकणाचा दाब साधारण १ बारच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि ब्रेकच्या टाकीत ८ बारच्या आसपास हवा असते. एका क्षणात रेडिएटरची टाकी फाटते आणि शोधायची बारीक गळती कायमची मोठी होऊन बसते.

दाब भरल्यावर किमान पंधरा-वीस मिनिटे काट्याकडे आणि इंजिनकडे पाहत राहावे. सुरुवातीला काटा किंचित उतरून स्थिरावणे साहजिक आहे, कारण रबरी पाईप फुगतात. तो सतत उतरत राहिला तर गळती निश्चित आहे. काटा उतरतो पण बाहेर कुठेही ओल दिसत नाही, अशी स्थिती असेल तर गळती आतली आहे. तिचा विचार पुढे केला आहे. संशयास्पद जागा कोरड्या पुसून त्यांवर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओलही गडद रेघ उमटवते.

पाहण्याच्या जागांपैकी होज पाईपांची टोके आणि क्लॅम्प यांच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि त्याला कारण आहे. मी पहिली दहा चाकी गाडी घेतली तेव्हा ती दोन दिवसांत साधारण पाव लिटर कूलंट खायची. एका गॅरेजमध्ये पंपाखाली डाग पाहून वॉटर पंप बदलला, पुढे हेड पॅकिंगवर बोट ठेवले गेले आणि मी तो खर्च करण्याच्या बेतात होतो. डिसेंबरात परभणीकडच्या एका कारखान्यावर उसाची गाडी घेऊन नंबरात उभा होतो. रात्रभर रांग हलली नव्हती. पहाटे थंडी मरणाची होती. शेकोटीवरून उठून सहज टॉर्च घेऊन गाडीखाली पाहिले, तर खालच्या होज पाईपच्या क्लॅम्पखाली एक थेंब लोंबत होता. तो पडला, आणि मी मनात मोजत राहिलो. चौदा आकडे झाल्यावर दुसरा पडला. सात वाजता इंजिन चालू केले, पाईप तापला आणि थेंब थांबला. नंतर बीडला रेडिएटरचे काम करणाऱ्या चाचांना हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "भाऊ, तुम्ही गाडी दरवेळी गरमच घेऊन येता. गरम गाडीत गळती नाही सापडत, नुसती वाफ सापडते."

याचे कारण सोपे आहे. रबर आणि धातू थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. जुना, कडक झालेला पाईप थंडपणी क्लॅम्पच्या पकडीत सैल पडतो आणि गरम झाल्यावर फुगून पुन्हा घट्ट बसतो. दिवसा गॅरेजमध्ये नेलेली गाडी म्हणूनच निर्दोष दिसते. पाईप हाताने पिळून पाहावा: टोकाशी भेगा, मध्ये फुगवटा किंवा दाबल्यावर करकर आवाज असेल तर तो बदलावा. क्लॅम्प आवळण्यापूर्वी पाईप काढून खालची धातूची मान पाहावी. ॲल्युमिनियमच्या मानेवर पांढरी पूड आणि खड्डे असतील तर क्लॅम्प कितीही आवळला तरी पाणी येतच राहते; मान बारीक पॉलिश पेपरने साफ करून मगच नवा पाईप चढवावा. स्क्रूचा क्लॅम्प अति आवळला तर तो रबर कापतो. तापमानानुसार पकड राखणारे स्प्रिंगचे क्लॅम्प मिळत असतील तर ते अधिक चांगले.

रेडिएटरमध्ये दोन प्रकार आढळतात. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला सांध्यावर डाग देऊन, म्हणजे झाळून, तो दुरुस्त करता येतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी अशा नव्या रेडिएटरमध्ये गळती बहुधा दोहोंच्या मधल्या रबरी सीलवर, टाकीच्या कडेला असते. तिथे एम-सील लावणे म्हणजे पुढच्या फेरीत वाटेत उभे राहण्याची तयारी करणे होय.

वॉटर पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावे, हा त्याचा हेतू. तिथे वाळलेली पुसट खूण असणे फारसे काळजीचे नाही, पण दाब दिल्यावर छिद्रातून ओघळ आला तर पंप बदलावा, आणि छिद्र बुजवण्याचा मोह टाळावा. इंजिन बंद असताना पंपाची पुली हाताने हलवून पाहावी. ती खेळत असेल तर बेअरिंगही संपले आहे. ज्या जुन्या इंजिनांत पंखा पंपाच्या दांड्यावरच असतो, त्यांत असा सैल पंखा एखाद्या दिवशी रेडिएटरमध्ये घुसतो.

थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घराचे पॅकिंग, केबिनच्या हीटरकडे जाणारे पाईप आणि ब्लॉकच्या अंगातील पत्र्याच्या गोल टोप्या, म्हणजे कोअर प्लग, याही जागा पाहून घ्याव्यात. वर्षानुवर्षे साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत हे प्लग आतून गंजतात आणि बाहेर सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. काही जुन्या गाड्यांत आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो. तो परत बसवावा; त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि गरम गाडीवर करायच्या तपासण्याही फसव्या निघतात.

गरम गाडीवर

थंड तपासणीत काही सापडले नाही तरच इंजिन चालू करावे. झाकण बंद करून, पंख्यापासून अंतर राखून, वरचा होज पाईप गरम होईपर्यंत म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ते चालू ठेवावे आणि टॉर्चने त्याच सगळ्या जागा पुन्हा पाहाव्यात. आता थेंबाऐवजी वाफेची बारीक रेघ, चर्रर आवाज किंवा गोडसर वास यांवर लक्ष ठेवावे. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर कूलंटमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून दोन-तीन दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवावी आणि मग अंधारात निळ्या-जांभळ्या अतिनील टॉर्चखाली पाहावे. पाझराची जागा पिवळट-हिरवी उजळून निघते. घाटात, मालासह आणि पूर्ण दाबावरच उघडणाऱ्या गळतीसाठी हा उपाय मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण गॅरेजमध्ये ती परिस्थिती निर्माणच करता येत नाही.

बाहेर काहीच नसेल तर

आता आतल्या वाटा पाहायच्या. सकाळी ऑईलची पट्टी काढावी. ऑईल दुधाळ चहाच्या रंगाचे झाले असेल, किंवा न भरता त्याची पातळी वाढली असेल, तर कूलंट ऑईलमध्ये जात आहे. गाडी त्याच क्षणी थांबवावी, कारण पाणीमिश्रित ऑईल बेअरिंगांना तारत नाही. उलट, कूलंटच्या डब्यात तेलकट थर दिसत असेल तर ऑईल कूलरचा, म्हणजे जिथे कूलंट ऑईलला थंड करते त्या भागाचा, संशय घ्यावा. इंजिन चालू असताना ऑईलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑईल पाण्यात शिरते. बंद केल्यावर ऑईलचा दाब संपतो, कूलंटचा काही वेळ टिकतो, आणि उलट प्रवास सुरू होतो.

मोठ्या डिझेल इंजिनांत सिलेंडरचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत फिरतो त्या बदलता येणाऱ्या नळ्या, बरेचदा थेट पाण्यात उभे असतात. त्यांच्या खालच्या रबरी रिंगा थकल्या की पाणी तळाच्या ऑईलच्या चेंबरमध्ये उतरते. याशिवाय लायनरच्या कंपनांमुळे त्याच्या भोवतीच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे बनून फुटतात आणि धातूला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पाडतात. योग्य कूलंटमधील रसायने हे रोखतात, साधे पाणी रोखत नाही. मिस्त्री ऑईल काढून चेंबर खोलतो, कूलंटच्या यंत्रणेत दाब भरतो आणि खालून पाहतो. कोणत्या लायनरखाली थेंब धरतो ते तिथेच दिसते. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, मात्र स्वतः शेजारी उभे राहून पाहावे.

हेड पॅकिंगची खूण वेगळी असते. थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी तापण्याआधीच, वरचा होज पाईप दगडासारखा कडक होत असेल, किंवा थंड इंजिन झाकण उघडे ठेवून चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरत आहे. निळ्या द्रवाचा रंग बदलून ही खात्री करणारे रासायनिक साधनही मिळते. पण डिझेल इंजिन रिकामे चालताना त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून तिथे रंग बदलला नाही एवढ्यावरून हेड पॅकिंगला निर्दोष ठरवू नये.

सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला, तर हेड पॅकिंगबरोबर ईजीआर कूलरही (इंजिनात परत पाठवायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) तपासावा, अर्थात तो गाडीला असेल तर. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. दिवसभरात पाव लिटर कूलंट याच वाटेने गेले तर ते डोळ्यांना दिसणारही नाही, फक्त वहीत दिसेल.

आणि ती चौथी वाट. अनेक ट्रकांत ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कंप्रेसरचे डोके इंजिनच्याच कूलंटने थंड होते. त्याचे पॅकिंग गेले तर कूलंट हवेबरोबर टाकीत जाते. टाकीखालचा नळ उघडल्यावर थोडे पाणी येणे, विशेषतः पावसाळ्यात, नेहमीचेच आहे. पण ते रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असेल तर ब्रेकच्या झडपा खराब होण्यापूर्वी कंप्रेसर उतरवावा. दोन गॅरेजांनी हेड पॅकिंग ठरवलेल्या एका गाडीत अखेर हाच दोष निघाला होता.

हळद आणि तिची भावंडे

रस्त्यात गळती लागली की रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती सगळ्या जुन्या चालकांना माहीत असते, आणि ती काही वेळ चालतेही. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पुड्या त्याच जातीच्या. गावापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांचा आधार घेण्यास हरकत नाही, पण जी पूड छिद्र बुजवते तीच रेडिएटरच्या नळ्या आणि हीटरही बुजवते. विकत घेताना जुन्या गाडीच्या झाकणाखाली बोट फिरवून पाहावे. पिवळट-तपकिरी चिखल बोटाला लागला, तर आधीच्या मालकाला गळती माहीत होती आणि त्याने ती शोधली नव्हती, असे समजून किंमत बोलावी.

रस्त्यात पातळी फार उतरली असेल तर तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी त्याच्या खाली गेले की तो वाफेत उघडा पडतो आणि इंजिन तापत असताना काटा चक्क खाली येतो. घाटात काटा अचानक उतरला तर आनंद न मानता गाडी बाजूला घ्यावी, आणि तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जातो.

दुरुस्तीनंतर

भाग बदलल्यावर यंत्रणा हळूहळू भरावी, हवा काढण्याचे स्क्रू असतील तर त्यांतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी, इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पातळी पुन्हा रेघेवर आणावी. तीच दाबाची तपासणी पुन्हा करावी. एक गळती बंद झाल्यावर दाब पूर्ण चढतो आणि तोवर गप्प असलेली दुसरी बोलू लागते, असे जुन्या गाडीत वारंवार होते. नवा क्लॅम्प दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर थंड इंजिनवर एकदा तपासावा, लागल्यास अर्धी फेरी आवळावा. वही आणखी पंधरा दिवस चालू ठेवावी आणि त्यांतल्या निदान दोन सकाळी, सूर्य उगवण्यापूर्वी, इंजिन चालू करण्याआधी गाडीखाली टॉर्च मारून पाहावा.